खांडसची ती रात्र आणि आमची ज्युनियर पोरं

आमच्या रेस्क्यू टीममध्ये सोळा-सतरा वर्षांची पोरं आहेत असं सांगितलं की लोक एकतर म्हणतात "अरे वा, पोरं दरीत उतरतात का?" नाहीतर म्हणतात "एवढ्या लहान लेकरांना कशाला नेता रे तिकडे". दोघांच्याही डोळ्यासमोर रेस्क्यू म्हणजे कड्यावर दोराला लटकलेला माणूस असतो. म्हणून मी त्यांना भीमाशंकरच्या पायथ्याच्या खांडस गावातली गोष्ट सांगतो, ती आज इथे लिहितोय.

मी कर्जत भागात राहतो. पोटापाण्याचं काम वेगळं, पण पावसाळ्यात शनिवार-रविवार फोन चार्ज करून आणि बूट दाराशी ठेवूनच झोपायचं अशी सवय झालीय. टीममधली सगळीच माणसं अशी, कोणी दुकानवाला, कोणी रेल्वेत, कोणी शिक्षक, पगार कुणालाच नाही. ज्युनियर पोरांची जबाबदारी माझ्याकडे असते, त्यामुळे मोठं काम असलं तरी मी बहुतेक वेळा खाली बेसलाच थांबतो.

जुलै संपत आलेला, रविवार. संध्याकाळी साडेसात-पावणेआठला पोलिसांकडून फोन आला की भीमाशंकरवरून खांडसला उतरणारी दोन मुलं वाट चुकलीयत, त्यांनी ११२ ला फोन केलाय. ज्यांनी हा भाग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, खांडसवरून भीमाशंकरला जायला दोन वाटा. शिडी घाट म्हणजे सरळ कडा, लोखंडी शिड्या, पावसात प्रचंड निसरडा. गणेश घाट लांबचा पण सोपा, पदरगडाला वळसा घालून जातो. दोन्ही वाटा वर पदरवाडीच्या पठारावर भेटतात आणि तिथून पुढे परत खडा चढ चढून भीमाशंकर. चढताना सहसा कोणी चुकत नाही. चुकतात ते उतरताना, कारण चार वाजता वरून निघायचं, पठारावर येईपर्यंत ढग खाली उतरलेले, दहा फुटांवरचं दिसत नाही आणि पठारावर गुरांच्या वाटा अशा फुटलेल्या असतात की मळलेली वाट कुठली आणि ढोरवाट कुठली हे नव्या माणसाला कळतच नाही.

आम्ही नऊच्या सुमारास खांडसला पोचलो. एका घराच्या पडवीत बेस लावला, म्हणजे काय तर एक टेबल, बल्ब, वॉकीटॉकीचं चार्जिंग आणि नोंदवही. नोंदवहीवर बारावीतली एक पोरगी होती. तिला मी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकायला लावली होती, समोरचा जे बोलेल ते त्याच्याच शब्दात लिहायचं, शेजारी वेळ टाकायची, आपला अर्थ लावायचा नाही. दुसरा ज्युनियर पदरवाडीतलाच, सोळा पूर्ण, शिकायला खाली असतो, आमच्या आधीच येऊन बसला होता. आणखी दोघं गाड्या लावणं आणि चहापाणी बघत होती.

त्या मुलांशी आमचे सिनियर बोलत होते. मुलं अठरा-एकोणीसची, मुंबईच्या बाजूची, पहिल्यांदाच ट्रेकला आलेली. व्हॉट्सअपवर लोकेशन पाठवलं होतं पण ते पार भीमाशंकरच्या वर दाखवत होतं, घाटात असं होतं, टॉवर कुठला पकडेल त्याचा भरवसा नसतो, त्यात ढग. सिनियर सारखं एकच सांगत होते, हलू नका, आहात तिथेच बसा, आम्ही येतोय. आणि पलीकडून दरवेळी उत्तर, "हो सर, बसलोय सर."

टीम निघायची तयारी चालली होती. वरच्या पठारापासून शोध सुरू करायचा, मुलं मुख्य वाटेच्या जवळपासच असणार, असा सगळ्यांचा अंदाज. तेवढ्यात ती पोरगी वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, ही मुलं बसलेली नाहीत. चालतायत."

मी म्हटलं कशावरून? तिनं दोन ओळींवर बोट ठेवलं. पावणेनऊला गाडीतूनच जो फोन झाला होता त्यात मुलगा बोललेला, "पाण्याचा आवाज मागून येतोय, लांब आहे." आणि सव्वानऊला तोच मुलगा म्हणाला होता, "समोर पाणी आहे, आवाज खूप मोठा आहे, तुमचं ऐकू येत नाही." दोन्ही वाक्यं आम्ही सगळ्यांनी ऐकली होती बरं का, माझ्या समोर स्पीकरवर ऐकली होती. पण आम्ही ऐकताना डोक्यात नकाशा फिरवत होतो, ती फक्त लिहीत होती, म्हणून तिला दिसलं.

आता प्रश्न असा की हे त्यांना विचारायचं कसं. परत सिनियरनी विचारलं तर परत "बसलोय सर" येणार. मी तिलाच फोन दिला. ती काय बोलली ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण इतकं साधं बोलणं आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं. "हे बघ, मी पण बारावीत आहे, मला कोणी इथे ऑफिसर वगैरे नाही केलेलं. तुला कोणी ओरडणार नाहीये. खरं सांग, चालताय ना?" दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग तो मुलगा रडायलाच लागला. घरी कॉलेजचं प्रोजेक्ट आहे सांगून आले होते, पोलीस केस होईल, घरी कळेल ही भीती, आणि खाली कुठंतरी एक लाईट चमकताना दिसली म्हणून एवढा वेळ त्या लाईटच्या दिशेनं उतरत होते. मित्राचा पाय मुरगळलाय हेही तेव्हा पहिल्यांदा कळलं. मोठ्या माणसाला "सर" म्हणून खोटं बोलला आणि आपल्या वयाच्या पोरीला अर्ध्या मिनिटात खरं सांगितलं. तेव्हापासून हरवलेला माणूस तरुण असला तर बोलायला आमच्याकडे ज्युनियरच बसतो, सिनियर शेजारी असतो.

मग तिनं एकेक गोष्ट विचारून घेतली. पायाखाली काय आहे? माती. बाजूला काय आहे? उंच झाडी, डोक्याच्या वर, काड्यांसारखी. म्हणजे कारवी. अजून काय दिसतंय? "शेण आहे इथे, खूप."

शेण म्हटल्याबरोबर पदरवाडीचा पोरगा ताडकन उठला. म्हणाला, डोक्यावर कारवी, समोर मोठं पाणी आणि शेण, अशी एकच ढोरवाट आहे, उंबराच्या झाडाकडून डावीकडे फुटते आणि ओढ्यापाशी संपते. ओढ्याच्या पुढे काय आहे विचारलं तर तो म्हणाला, "पुढे काय नाय. पाणी खाली पडतं."

पडवीत सगळे गप्प झाले. त्या क्षणी मुलं त्या ओढ्याच्या काठावर उभी होती आणि ओलांडायच्या विचारात होती, ही गोष्ट नंतर कळली. पोरीनं लगेच फोनवर सांगितलं, एक पाऊल पुढे टाकायचं नाही, आलेल्या वाटेनं पाण्याचा आवाज कमी होईल इतकं मागे या, मित्राला धरून, आणि झाडाला पाठ लावून बसा. सॅक बुडाखाली घ्या, ओल्या जमिनीवर टेकू नका, दोघं चिकटून बसा, प्लास्टिक असेल ते वरून ओढा. फोनची बॅटरी नऊ टक्के होती. फोन बंद करायचा, दर अर्ध्या तासानं दोन मिनिटं चालू करायचा, साडेदहा, अकरा, साडेअकरा, वेळा तिनं त्याच्याकडून म्हणवून घेतल्या. शिट्टी नव्हती त्यांच्याकडे, स्टीलची बाटली होती. मिनिटात सहा वेळा दगडानं बाटली वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. डोंगरातली संकटाची खूण बऱ्याच देशांत अशीच आहे, सहा आवाज आणि थांबणं, उत्तर तीन आवाजांचं. हे आमच्या ज्युनियर पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतो आणि ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे असं मला फार वाटतं, सॅकमध्ये पन्नास रुपयांची शिट्टी टाका बाबांनो.

इकडे पदरवाडीचा पोरगा बूट घालून तयार. मी येणार म्हणाला. मी नाही म्हटलं. तो चिडला, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, "माझ्या घरामागची वाट आहे काका, पावसाळ्यात रात्री खेकड्याला आम्ही तिथंच जातो, तेव्हा कोण अडवतं?" खरंच आहे, आमच्या निम्म्या सिनियरपेक्षा तो त्या वाटेवर जास्त सेफ चालला असता. पण अठराच्या आतलं कोणी रात्रीच्या शोधात जाणार नाही हा आमचा नियम आहे आणि इर्शाळवाडीनंतर तो आम्ही जास्तच कडक केलाय.

इर्शाळवाडी आमच्या शेजारच्याच तालुक्यात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ती वाडी दरडीखाली गेली, गाडीरस्ता नाही, जेसीबी चढवता येईना, हवामानामुळे हेलिकॉप्टर येईना, एनडीआरएफच्या जवानांपासून सगळ्यांना हातानंच ढिगारा उकरावा लागला. आजूबाजूच्या गावांतली पोरं पाणी, जेवण, फावडी घेऊन त्या चिखलातून वरखाली करत होती, त्यांच्याशिवाय ते काम झालंच नसतं. २३ जुलैला शोध थांबवला तोवर २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ताच राहिली. पाणी द्यायला वर गेलेल्या एका पोराला मी ओळखतो, अकरावीत होता, त्यानं जे बघितलं ते बघायचं त्याचं वय नव्हतं. नंतर कितीतरी दिवस तो रात्री दिवा बंद करू देत नव्हता घरात. त्याला कुणी वर जा म्हणून पाठवलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नव्हतं. अडवायला तिथं कुणीतरी असावं लागतं, एवढंच मी तेव्हापासून धरून चाललोय.

तर मी त्याला म्हटलं, तू इथून ने सगळ्यांना. टीम गणेश घाटानं वर निघाली, पदरवाडीत त्याचे वडील आणि चुलते सामील झाले, आणि हा खाली वॉकीटॉकीवर बसला. पुढचा दीड तास मी विसरणार नाही. डोळे मिटून बोलत होता तो. "उंबर लागला? त्याच्या डावीकडे मोठा धोंडा, त्याच्यावर चढू नका, शेवाळ असतं. खालून जा. आता वाट दोन होतील, रुंद दिसते ती सोडा, ती पाण्याला जाते. आप्पा, हळू, तिथं मागच्या वर्षी आपली गाय घसरली होती." सिनियर लोक त्याला रिपीट कर म्हणायचे आणि तो तेच शब्द त्याच क्रमानं परत सांगायचा, आवाज चढला नाही एकदाही.

साडेबाराच्या पुढे टीमला बाटलीचा आवाज ऐकू आला. पावसात दिशा कळेना, तेव्हा सगळ्यांनी थांबून हेडलॅम्प बंद केले, शिट्ट्या बंद केल्या आणि नुसतं ऐकलं, मग तीन शिट्ट्या दिल्या, मग परत ऐकलं. एकच्या सुमारास वॉकीटॉकीवर आलं, दोघं मिळाले, जिवंत आहेत, बोलतायत.

पाय मुरगळलेल्याची अवस्था वाईट होती, कुडकुडत होता, बोलताना जीभ जड. ओले कपडे काढले, कोरडे घातले, आप्पांनी आणलेली घोंगडी गुंडाळली, शुद्धीत होता म्हणून गोड कोरा चहा घोट घोट पाजला. रात्री त्या घाटातून स्ट्रेचर उतरवायचा प्रश्नच नव्हता, पदरवाडीतल्या एका घरात चुलीजवळ ठेवलं आणि उजाडल्यावर निघाले.

खाली गणेशाच्या देवळापासून वाट रुंद होते, तिथून आमची ज्युनियर पोरं स्ट्रेचरला लागली. एका वेळी सहाजण, दर काही मिनिटांनी माणसं बदलायची, थांब-उचल-चल एकाच्या आवाजावर. रात्रभर जागलेली पोरं होती पण पाऊल चुकलं नाही कुणाचं.

मुलांचे आईवडील पहाटेच खांडसला पोचले होते. त्यातल्या एकाचे वडील आल्या आल्या आरडाओरडा करायला लागले, मुलगा दिसू दे थोबाडच फोडतो म्हणून. त्यांना पण त्याच पोरीनं वही उघडून दाखवली. कुठल्या वेळेला तुमचा मुलगा काय बोलला, मित्राला सोडून एकटा उतर असं मित्रच म्हणत होता तरी तो कसा थांबला, सगळं वेळेसकट लिहिलेलं. ते वाचता वाचता खाली बसले. स्ट्रेचरच्या मागून मुलगा चालत आला तेव्हा त्यांनी त्याला नुसतं जवळ घेतलं.

आता बेसला नोंदवहीवर दोन ज्युनियर असतात, एक फोनवरचं लिहितो, एक वॉकीटॉकीवरचं. ज्या वाडीतून वाटा जातात तिथली पोरं टीमशी जोडायचं काम सुरू केलंय, पदरवाडीच्या पोरानंच आणखी तिघं आणले. तो स्वतः डिसेंबरात अठराचा होतोय, त्याचं दोराचं ट्रेनिंग सरावात सुरू आहे, शोधात त्यानंतर.

खूप पालक विचारतात म्हणून लिहून ठेवतो. सोळा पूर्ण पाहिजेत, आई आणि वडील दोघांची सही, प्रथमोपचाराचा कोर्स आम्ही करून घेतो, आणि पहिले सहा महिने फक्त सराव. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस फोन आला तरी यायचं नाही. कुणी दगावलंय असं कळलं की ज्युनियर त्या कामाला येत नाहीत, आणि कामाच्या मधेच तशी वेळ आली तर मी त्यांना गाडीत बसवून घरी सोडतो, बाकीचं काम टीम बघते.