आपल्या आधीचे आयुष्य असलेले सोबती

शुक्रवार, रात्री उशिरा

बाल्डर्स गेट ३ मधला शॅडोहार्टचा तो प्रसंग आज पुन्हा खेळून झाला आणि झोप लागण्याची चिन्हे नसल्यामुळे त्याविषयी लिहून ठेवावे असे वाटले. लारियन स्टुडिओजने २०२३ साली आणलेल्या या गेममध्ये शॅडोहार्ट ही आपल्या सोबत्यांपैकी, म्हणजे नायकाबरोबर फिरणाऱ्या, लेखकांनी रचलेल्या पात्रांपैकी एक, शार नावाच्या अंधाराच्या देवीची पुजारीण आहे. तिच्या आठवणी पुसून टाकलेल्या आहेत, आणि देवीला न रुचणारे काही तिच्या हातून किंवा मनातून घडले की हातावरची जुनी जखम ठणकू लागते. कथेच्या मध्यावर ती अशा जागी पोहोचते, जिथे नाइटसाँग नावाच्या बंदिवानाला भाल्याने मारले की तिने आजवर ज्याचा ध्यास घेतला ते पद तिला मिळणार असते. आपण शेजारी उभे असतो आणि पडद्यावर संवादाचे पर्याय येतात. फासे टाकून तिचे मन वळवण्याची सोय आहेच. मात्र तोपर्यंत तिचा विश्वास मिळवलेला असेल आणि त्या क्षणी निर्णय तिच्यावरच सोपवला, तर ती आपणहून भाला दरीत भिरकावून देते.

अशा गेम्सनी आम्हा खेळाडूंना वर्षानुवर्षे एकच सवय लावली आहे, ती म्हणजे जिथे पर्याय दिसेल तिथे तोंड घालायचे. इथे लेखकांनी त्या सवयीवरच बोट ठेवले आहे. भाला खाली पडतो तेव्हा आपण जिंकल्याचे समाधान मिळत नाही. हिला आपण थोडेफार ओळखले होते, एवढेच जाणवते. ही ओळख त्या एका प्रसंगात झालेली नसते. तिला पोहता येत नाही, लांडग्यांची तिला अकारण वाटावी अशी भीती आहे, एक विशिष्ट फूल तिला आवडते पण का आवडते ते तिला सांगता येत नाही, असे बारीकसारीक तपशील कॅम्पमधल्या गप्पांतून आधीच आपल्या कानावर पडलेले असतात. जेनिफर इंग्लिश या अभिनेत्रीने तिला दिलेल्या आवाजातही एक प्रकारचा तुटकपणा आहे, आणि तो गर्वाचा नसून सांगण्यासारखे हाताशी काही उरलेच नसल्याचा आहे, हे हळूहळू लक्षात येते. आठवणी नसलेल्या माणसाला केवळ आवडीनिवडींमधून उभे करणे हे कसबाचे काम आहे.

शनिवार

काल जे सुचले त्याची दुसरी बाजू आज दिवसभर डोक्यात होती. सोबती चांगला लिहिला आहे की नाही, हे तो आपल्यावर खूश असताना कळत नाही. आपण त्याच्यासाठी सर्व काही केल्यानंतरही एखाद्या गोष्टीवर तो हलत नाही, तिथे कळते.

ड्रॅगन एज: ओरिजिन्स २००९ साली आला, तेव्हा बायोवेअरने सोबत्यांची मर्जी मोजण्यासाठी उणे १०० ते अधिक १०० असा आकडा ठेवला होता आणि तो वाढवण्यासाठी भेटवस्तूंची सोय केली होती. मॉरिगनला दागिने, स्टेनला चित्रे, ज्याला जे रुचेल ते द्यावे आणि आकडा चढताना पाहावा. लग्नातल्या आहेराच्या वहीत रकमा मांडाव्यात तसा हा हिशेब आहे, आणि त्यातून निर्माण होणारी जवळीकही तितपतच वाटते. तरीही या गेमचे लेखन आजही नावाजले जाते, कारण मोक्याच्या जागी लेखकांनी ही वही बाजूला ठेवली. अ‍ॅलिस्टर हा विनोदी, भिडस्त, सतत स्वतःला कमी लेखणारा तरुण. ज्या डंकनने त्याला वडिलांसारखे वागवले, तो ऑस्टॅगरच्या लढाईत मारला गेला, कारण सेनापती लोघेन ऐन वेळी सैन्य घेऊन माघारी फिरला. कथेच्या उत्तरार्धात त्याच लोघेनला जिवंत ठेवून आपल्या पक्षात घेण्याचा पर्याय मिळतो, आणि युद्धाच्या हिशेबाने पाहिले तर तो पर्याय मूर्खपणाचाही नाही. तो निवडला की अ‍ॅलिस्टर आपली साथ सोडतो. आकडा १०० वर असला तरी सोडतो. ज्याला आतापर्यंत सगळे गमतीत काढण्याची सवय होती, त्याच्या तोंडी त्या प्रसंगी एकही विनोद नाही.

दोन वर्षांनी, २०११ साली, ड्रॅगन एज २ आला. त्याच त्या गुहा आणि तेच ते गोदाम पुन्हा पुन्हा वापरल्याबद्दल लोकांनी त्याची भरपूर थट्टा केली आणि ती रास्त होती. सोबत्यांच्या बाबतीत मात्र मला तो मूळ गेमपेक्षा धाडसी वाटतो. त्यातला अँडर्स हा जादूगार आहे, आणि जादूगारांना कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेविरुद्धचा त्याचा राग त्याच्या शरीरात वस्तीला आलेल्या एका शक्तीमुळे दिवसेंदिवस विकोपाला जात असतो. एके दिवशी तो आपल्याकडे मदत मागतो. त्या शक्तीपासून सुटका करून घेण्यासाठी एक औषधी मिश्रण तयार करायचे आहे, त्याला सेला पेट्रे आणि ड्रेकस्टोन हे दोन पदार्थ हवे आहेत, ते आणून दे, असे तो सांगतो. कामे करत सुटायची खेळाडूची वृत्ती असते, त्यामुळे आपण गटारे आणि खाणी धुंडाळून ते आणून देतो. पुढे कर्कवॉल शहरातले प्रार्थनामंदिर स्फोटात उद्ध्वस्त होते, तेव्हा त्या पदार्थांचे काय झाले ते समजते.

मी जेव्हा जेव्हा हा गेम खेळते, तेव्हा तेव्हा इथे थोडा वेळ थांबते. मित्र असो वा प्रियकर, अँडर्स थांबत नाही. आपल्याला रोखता येत नाही आणि त्याने आपला वापर केला हेही नाकारता येत नाही. पुष्कळ खेळाडूंना याचा मनस्वी राग आला. त्यांची तक्रार अशी, की पर्यायच द्यायचा नव्हता तर खेळवायचे कशाला? मला ती तक्रार कळते, पण पटत नाही. स्फोट झाल्यावर तो एका जागी बसून राहतो, आणि त्याला मारायचे, हाकलून द्यायचे की सोबत ठेवायचे हे ठरवण्याचे काम आपल्याकडे येते. म्हणजे अधिकार मिळतो, पण त्याच्या आयुष्यावरचा नव्हे, त्याच्या कृत्यानंतर आपण काय करायचे यावरचा. प्रत्यक्षातही एखाद्या जवळच्या माणसाने काही भयंकर केले, तर आपल्या हाती एवढेच उरते.

रविवार, दुपार

डक्कॉनविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. प्लेनस्केप: टॉर्मेंट हा ब्लॅक आयल स्टुडिओजचा १९९९ सालचा गेम. लढाया रटाळ, पडदाभर मजकूर, आणि नायक असा की जो मरतो, पुन्हा उठतो आणि आधीचे सगळे विसरलेला असतो. सिगिल शहरातल्या एका गुत्त्यात त्याला डक्कॉन भेटतो, गिथझेराय वंशाचा, मोजके बोलणारा, हातात धारकाच्या मनःस्थितीप्रमाणे आकार बदलणारी तलवार. तो आपल्यासोबत निघतो, आणि का निघतो ते धडपणे सांगत नाही.

त्याच्याजवळ दगडाचे एक यंत्र आहे, एकात एक अडकवलेल्या कड्यांचे, आणि त्याच्या पंथाचा आद्यपुरुष झर्थिमॉन याची शिकवण त्यात दडलेली आहे. डक्कॉन एकेक कडे फिरवून एकेक कथा वाचायला देतो, मग तिचा अर्थ विचारतो. अर्थ नीट लागला तर नवे मंत्र हाती येतात, त्यामुळे आरंभी आपण लोभानेच शिकत असतो. शिकता शिकता ध्यानात येते की शिकवणाऱ्यालाच आपल्या शिकवणीविषयी शंका आहे. पुढे आणखी खोदले की बाकीचे उघड होते. या शंकेपायी तो एकदा मरणाच्या दारात पोहोचला होता; तेव्हा नायकाच्याच एका पूर्वीच्या अवताराने त्याच्या हाती हे यंत्र ठेवून त्याला वाचवले, आणि उपकाराच्या ओझ्याखाली त्याने शपथ घेतली की तुझा मृत्यू होईपर्यंत मी तुझी सेवा करीन. नायकाला मृत्यू नाही. ज्या वंशाचा सारा अभिमान गुलामीतून सुटका करून घेतल्याचा आहे, त्यातला हा माणूस कायमचा बांधला गेला, आणि वाचवणाऱ्याने ते दयेने नव्हे, हिशेबाने केले होते.

पार्टीत, म्हणजे नायकाच्या तुकडीत, सोबती का असतो, या प्रश्नाला बहुतेक गेम्स काहीतरी तकलादू उत्तर देतात. नायकाचे तेज, नियती, जगावरचे संकट, यांपैकी काहीही चालते. इथे सोबत असणे हाच अन्याय आहे आणि तो आपल्याच नावावर जमा आहे. त्याची दुरुस्ती करण्याची वाटही लेखकांनी केवढी नेमकी ठेवली आहे! शेवटच्या कड्यांपर्यंत पोहोचून, त्याने आजवर लावला त्याहून खोल अर्थ आपण त्याला सांगू शकतो आणि शंकेने पोखरलेला गुरू शिष्याकडून शिकतो. त्याचे बळ त्यानंतर खरोखर वाढते, आकड्यांतही वाढते. भेटवस्तू नाही, लढाई नाही, नुसते एका मजकुरावरचे बोलणे. आज इतक्या वर्षांनंतर, प्रत्येक संवाद ध्वनिमुद्रित करण्याइतका पैसा हाताशी असताना, हे कोणी पुन्हा करून दाखवलेले माझ्या पाहण्यात नाही.

अर्थात लिखाण थोडे असले म्हणून सोबती लटका ठरतो असेही नाही. मूळ बाल्डर्स गेटमध्ये, म्हणजे १९९८ साली, २५ सोबती होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला मोजकीच वाक्ये होती. पण खालिद आणि जहीरा हे नवराबायको जोडीने येत. त्यांच्यातल्या एकाला पार्टीतून काढले की दुसराही निघून जाई. संवादाची एकही ओळ न लिहिता लग्न दाखवण्याचा हा प्रकार मला अजून आवडतो. २०११ च्या स्कायरिममधली लिडिया तर एका कंटाळलेल्या वाक्याच्या जोरावर लोकांच्या लक्षात आहे. तुमचे ओझे वाहण्याची शपथ घेतली आहे, असे ती ज्या सुरात म्हणते, त्यात शपथेविषयीचे तिचे मत पुरेपूर येते. (दारात उभे राहून वाट अडवण्याची तिची सवय हे लेखन नव्हे, पण तेही स्वभावात जमा झाले आहे.)

रविवार, रात्र

बाल्डर्स गेट ३ ची मी फारच स्तुती केली असे शुक्रवारचे वाचताना वाटले नाही, पण उणिवाही लिहायला हव्यात. या गेममध्ये जो तो आपल्या प्रेमात पडायला उतावीळ असतो. प्रकाशनानंतरच्या दिवसांत तर ही उतावीळ इतकी होती की साध्या सहानुभूतीच्या दोन शब्दांनंतर गेल नावाचे जादूगार महाशय रात्रीचे आमंत्रण घेऊन हजर होत. पुढे लारियनने दुरुस्ती केली. दुरुस्तीने वेग कमी झाला, मूळ रचना तीच राहिली. मुख्य सोबत्यांपैकी प्रत्येक जण आपल्याला मिळू शकतो, आणि जो कोणालाही मिळू शकतो त्याची स्वतःची आवड काय, हा प्रश्न मग कायम लोंबकळत राहतो. विल या सोबत्याचे पात्र तर सरळ तोकडे आहे. गेम पूर्ण होण्याआधी त्याची कथा नव्याने लिहिली गेली आणि तो सांधा दिसतो. सैतानी शक्तीशी त्याने केलेल्या करारापायी शेवटी जो पेच उभा राहतो तो त्याचा कमी आणि त्याच्या वडिलांचा जास्त आहे.

अ‍ॅस्टारियन हा व्हॅम्पायर सोबती मात्र या आक्षेपालाही पुरून उरतो, कारण त्याच्या बाबतीत लाडीगोडी हाच विषय आहे. दोन शतके धन्यासाठी सावज पटवून आणण्याचे काम केलेला हा माणूस आपल्यालाही त्याच युक्तीने पटवत असतो, आणि पुढे ते स्वतःच कबूल करतो. नील न्यूबॉनला या भूमिकेसाठी २०२३ च्या गेम अवॉर्ड्समध्ये अभिनयाचे पारितोषिक मिळाले. लोक त्याच्या मिश्कीलपणाची आठवण काढतात; मला मात्र धन्यावर सुरीचे वार करून झाल्यावर तो गुडघ्यांवर कोसळून जो रडतो, ते अधिक मोलाचे वाटते, कारण त्या रडण्यात कोणालाही पटवायचे नसते.

आज शेवटी जहीराच्या घरापाशी थांबले. १९९८ च्या गेममधली ती खालिदची बायको इथे वयस्क होऊन येते. तो दुसऱ्या भागाच्या आरंभीच मारला गेलेला आहे, आणि ती त्याचा उल्लेख करते तेव्हा आवाज चढवत नाही. शहरातल्या तिच्या घरी तिने सांभाळलेली मुले आहेत, आणि ती इतके दिवस कुठे होती म्हणून त्यांच्यातली थोरली तिला फैलावर घेते. आपण पाहुण्यासारखे बाजूला उभे असतो. तिच्याशी प्रेमप्रकरणाची सोय ठेवलेली नाही, आणि ठेवली नाही ते उत्तम झाले. एवढे भरलेले घर दाखवल्यानंतर गेमच्या उरलेल्या कथेत तिला बोलायला फारसे दिलेले नाही, ही माझी लेखकांवर नाराजी आहे. मुलांना भेटून परत निघाल्यावर वाटेत तिने मिन्स्क या जुन्या साथीदाराशी त्या भांडणाविषयी दोन वाक्ये तरी बोलायला हवी होती.