आमची वाटचाल: ट्रक रिकामा झाल्यावरचं काम

आमचा मूळ धंदा घरसामान हलवण्याचा. खोकी, दोर, ट्रक, चार माणसं. सामान उतरलं की हिशेब मिटला. मोठ्या शहरातून छोट्या गावात राहायला जाणाऱ्यांची कामं वाढली, तशी तक्रारींची जात बदलली. काच फुटली, कपाटाला ओरखडा पडला हे मागे पडलं. वॉशिंग मशीन पाणी घेत नाही, गीझर पेटत नाही, संध्याकाळी फ्रीज थंड होत नाही, असे फोन येऊ लागले. सामानाच्या यादीचा आमचा एक कागद होता, त्याचे आता चार झालेत: सामान, रस्ता, घर आणि पहिले तीन महिने.

सामानाचं थोडक्यात. ट्रकच्या 14 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 6 फूट उंच हौद्यात कागदावर 504 घनफूट बसतात, प्रत्यक्षात 400 ते 430. पुस्तकं लहान खोक्यातच भरायची, एका खोक्याचं वजन 20 किलोच्या आत. मोठं खोकं भरलं की तळ सुटतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम वाहतुकीच्या बोल्टने आवळल्याशिवाय ते गाडीत चढवायचं नाही. हे बोल्ट मशीन बसवताना काढलेले असतात आणि नेमके तेच सापडत नाहीत. फ्रीज उभाच न्यावा. आडवा न्यावा लागलाच, तर उतरवून 24 तास उभा ठेवावा आणि मगच चालू करावा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. लाकडाच्या भुश्याच्या पाट्यांचं (पार्टिकल बोर्डचं) कपाट एकदा खोलून जोडलं तर टिकतं, दुसऱ्यांदा स्क्रूचं भोक सैल होतं. ते न्यायचंच असेल तर स्क्रूऐवजी आरपार बोल्ट टाकून घ्या. खरं सांगायचं तर आम्ही ते तिथेच सोडायला सांगतो.

रस्त्याचा कागद नंतर आला. आरसे धरून ट्रकची रुंदी आठ फुटांच्या आसपास जाते, त्यामुळे दहा फुटांच्या बोळात तो सरळ गेला तरी वळत नाही. शिवाय वरून लोंबणाऱ्या तारा असतात. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरसाठी सामान छोट्या टेम्पोत घ्यावं लागलं, तर प्रत्येक वस्तू दोनदा जास्त उचलली जाते आणि वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. हे आधी कळावं म्हणून मुख्य रस्त्यापासून दारापर्यंत चालत काढलेला, न तोडलेला व्हिडिओ आम्ही मागतो. फोटोत वळण कळत नाही.

घराच्या कागदावर मात्र आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

पाणी रोज येतं का, हा प्रश्न अपुरा आहे. किती दिवसांनी, किती वाजता, किती वेळ आणि कोणत्या मजल्यापर्यंत, हे विचारा. माणशी रोजचे 135 लिटर धरले तर चौघांना 540 लिटर लागतात. पाणी तीन दिवसांनी येत असेल तर 1,620, म्हणजे 2,000 लिटरची टाकी हवी. दाबाचा हिशेबही सोपा आहे: दहा मीटर उंचीला साधारण एक बार. टाकी नळाच्या फक्त तीन मीटर वर असेल तर दाब 0.3 बार. त्यावर तोटी वाहते, पण बरीच वॉशिंग मशीन आणि झटपट गीझर कुरकुरतात. दोष मशीनचा नसतो. टाकी उंच करायची किंवा छोटा प्रेशर पंप लावायचा. बोअरवेलचं पाणी असेल तर जडपणा तपासून घ्या. लिटरला 180 मिलिग्रॅमच्या वर पाणी फार जड समजतात. गीझरच्या कॉइलवर क्षार बसतो आणि साबणाला फेस येत नाही. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतं, जंतू नाही. कमी आकडा बघून पाणी पिण्याजोगं ठरवणं ही नेहमीची चूक. जंतूंसाठी प्रयोगशाळेतलीच तपासणी लागते.

वीज दुपारी बघून उपयोग नाही. लाइनच्या टोकाच्या घरात दाब पडतो तो संध्याकाळी, सगळीकडचे दिवे आणि पंप एकदम चालू असताना. 230 व्होल्टच्या पुरवठ्यात मीटरवर वारंवार 200 च्या खाली दिसलं तर फ्रीजला स्टॅबिलायझर लावा. त्याहून वाईट म्हणजे सैल न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार. थ्री फेजच्या लाइनीवर ती तुटली की एखाद्या घरात 230 ऐवजी 400 च्या जवळ दाब येऊ शकतो आणि टीव्ही, राउटर, चार्जर एका क्षणात जळतात. दिवे कधी मंद, कधी भगभगीत होत असतील तर उपकरणं लावायच्या आधी वायरमनला बोलवा.

घरून काम करणाऱ्यांसाठी: मोबाइलचा सिग्नल खोलीच्या आत, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान बघा. उणे 90 डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) च्या आसपास किंवा त्याहून चांगला असेल तर ठीक. उणे 110 च्या खाली कॉल तुटतात. इंटरनेटच्या दोन जोडण्या घेतल्या म्हणजे सोय झाली असं नाही. दोन्हीची केबल एकाच खांबावरून येत असेल तर तो खांब पडला की दोन्ही एकदम जातात. वीज गेल्यावर घरातला राउटर 12 व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर चालेल, पण गल्लीतल्या इंटरनेटच्या पेटीला बॅटरी नसेल तर व्यर्थ. हा प्रश्न शेजाऱ्याला विचारावा, तो खरं सांगतो.

सांडपाणी सेप्टिक टँकला जात असेल तर त्याचं झाकण कुठे आहे ते भाडेकरार करण्याआधी बघा. काही घरांत त्यावर फरशी घातलेली असते. टँक साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. ओले वाइप्स आणि भरमसाट ब्लीच टाकलं तर त्याआधीच तुंबतो.

चौथा कागद पहिल्या तीन महिन्यांचा, म्हणजे माणसांचा. नेहमीची औषधं कुठे मिळतील, रात्री दोन वाजता डॉक्टरपर्यंत पोचायला किती मिनिटं लागतील, हे घरातल्या वयस्करांसाठी आधी लिहून ठेवायचं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. वीज बेभरवशाची असेल तर थर्मास आणि बर्फाच्या पिशव्या सामानाच्या पहिल्या खोक्यात. उपकरण घेताना गावातला कारागीर कोणता ब्रँड दुरुस्त करतो ते बघून घ्या. सुटा भाग मागवून आठवडा बसण्यापेक्षा दोन सुविधा कमी असलेलं मॉडेल बरं.

छोट्या गावात भाड्याची बरीच घरं जाहिरातीत येत नाहीत, तोंडातोंडी जातात. प्लंबर नंबर शोधून मिळतो, पण येतो ओळखीने. पहिल्या आठवड्यात शेजारच्या चार घरी जाऊन नाव सांगणं हे आम्ही फॉर्मवर छापलंय, लोक हसतात. याची दुसरी बाजूही सांगतो: तुम्ही किती वाजता उठता, घरी कोण येतं, हे सगळ्यांना माहीत असणार. शहरातली अनोळखी मोकळीक ज्यांना जिवापाड हवी असते, त्यांना ट्रक ठरवण्याआधी महिनाभर तिथे राहून बघायला सांगतो.

घर विकत घेण्याची घाई मात्र करू देत नाही. सगळे ऋतू निघेपर्यंत भाड्याने राहा. छत कुठे गळतं, विहीर कधी आटते, रस्ता कधी बंद होतो, हे वर्षभरातच कळतं. रिकामी खोकी म्हणूनच फेकू नका. सपाट करून, जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवा. वर्षाने आमचा माणूस येतो आणि लागणार नसतील तर घेऊन जातो.