मावशींचा सब्जा आणि कापलेली स्ट्रिप

परवा दुपारी आमच्या हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवर एक मावशी आल्या, ओठाला लावायचं मलम घ्यायला. खालच्या ओठावर काळपट डाग, मसुराच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, कडेने सोललेला. म्हणाल्या उष्णता झालीये गं, आठ दिवस सब्जा घेतेय तरी जात नाही. मी सहज विचारलं आधी कधी झालेलं का, तर म्हणे होतं की, दर पावसाळ्यात, आणि बरोब्बर ह्याच जागी.

मी कान टवकारले. पावसाळ्यात काय होतं? जुलाब. आणि जुलाब झाले की? मावशींनी पर्समधून स्ट्रिपचा तुकडा काढला, नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल, एकाच गोळीत दोन औषधं, दरवेळी तीच गोळी, गल्लीतल्या मेडिकलमधून, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात, ते औषध पोटात गेलं की काही तासांत त्याच जागी उठतं आणि बरं होताना काळा डाग ठेवून जातं.

ओपीडीत नेलं, गोळी कायमची बंद, केसपेपरवर लाल पेनने तसं लिहून दिलं. इथवर सगळे खूश. मी एडीआरचा, म्हणजे औषधाचा दुष्परिणाम कळवायचा फॉर्म म्हटल्यावर मात्र तिथला रेसिडेंट डॉक्टर लगेच, "मॅडम राहू द्या ना, किरकोळ आहे, उगाच कशाला आपलं नाव?"

ही भीती मला प्रत्येक वॉर्डात भेटते. अरे बाबा फॉर्मवरच छापलंय की रिपोर्ट पाठवला म्हणजे डॉक्टरची किंवा कंपनीची चूक कबूल केली असं होत नाही. पेशंटचं पूर्ण नावही लागत नाही, आद्याक्षरं चालतात, आणि पुरावा नको, नुसता संशय पुरतो. दोन औषधांपैकी नक्की कुठलं ते कळत नसेल तर दोन्ही लिहायची. पुढे ते गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे जातं, देशभरचे असे रिपोर्ट तिथे जमतात, तिथून स्वीडनमध्ये उप्सालाला, डब्ल्यूएचओच्या डेटाबेसमध्ये. 2023 च्या शेवटी मेफेनॅमिक अ‍ॅसिडचा, म्हणजे पाळीत पोट दुखलं की निम्म्या बायका घेतात त्या गोळीचा, अलर्ट आला ना, ड्रेस सिंड्रोम नावाच्या गंभीर अ‍ॅलर्जीबद्दलचा, तो असल्याच फॉर्ममधून निघाला, कुणीतरी किरकोळ न म्हणता भरले म्हणून. आणि हे फक्त आमचंच काम नाही बरं, पेशंटसाठी मराठीत वेगळा फॉर्म आहे, 1800-180-3024 वर फोन केला तरी चालतं.

तर मी भरायला बसले आणि बॅच नंबरपाशी अडले. चार गोळ्यांचा तुकडा, बॅच आणि एक्सपायरी राहिली मेडिकलवाल्याकडच्या तुकड्यावर, तोही एव्हाना दुसऱ्या कुणाच्या तरी पर्समध्ये. त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मग आमच्याच काउंटरला सुतळीने बांधलेली कात्री दिसली. गप्प बसले. रकान्यात "माहीत नाही" लिहून फॉर्म पाठवून दिला.

मावशी जाता जाता परत वळल्या, "मग सब्जा बंद करू का गं?"