तुम्ही विचारलंत म्हणून: तो मुका जपानी सिनेमा

देवगडात बसून असला जुनाट, बिनआवाजी सिनेमा पुन्हापुन्हा काय बघता, आणि वर त्याला विनोदी कसं म्हणता? लग्नात, एसटीत, आरती संपल्यावरही हाच प्रश्न. एकदाच नीट सांगतो.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा 1932 सालचा ‘आय वॉज बॉर्न, बट...’. त्याचे सुरुवातीचे कितीतरी मूकपट कायमचे हरवले, हा वाचला. विनोदी आहेच. दोन भाऊ ताकद यावी म्हणून चिमणीची अंडी खातात, दादागिरी करणाऱ्या पोरांना खेळात आडवं पाडतात. मग वडिलांच्या साहेबाच्या घरी घरगुती फिल्म लावतात आणि पडद्यावर त्यांचे वडील साहेबाला हसवायला वेडीवाकडी तोंडं करताना दिसतात. हसू तिथेच संपतं.

जपानात तेव्हा पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा बेन्शी असे. आमच्या पडवीत ते काम मी केलं. बाबा आयुष्यभर दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणीला. बागवाला आला की खांद्यावरचा टॉवेल काढून उभे राहत. मला ते लहानपणापासून सलत होतं. त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि मूकपटात मधेमधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या मालवणीत वाचू लागलो. मुलगा बापाला विचारतो, “तू तेच्यापुढे कित्याक वाकतंस?” “तो माका पगार देता.” “मगे घेव नको पगार!”

पुढची पाटी यायच्या आधीच बाबा म्हणाले, “पगार नाय घेतलो तर भात खंयसून येतलो?”

पाटीवर जवळजवळ तेच होतं. माझ्याने ती वाचवेना. बाबा पडद्याकडेच बघत होते. “वाच रे,” म्हणाले. त्यावर ती पोरं जेवायचंच नाकारतात, तेही मी वाचलं.

तोवर मी सगळ्यांना ठासून सांगायचो की ओझू पोरांच्या बाजूने आहे. पण मग रात्री झोपलेल्या मुलांकडे बघत आईबाप यांचंही जिणं आपल्यासारखंच होणार का म्हणून कुजबुजतात, तो प्रसंग कुणाच्या बाजूचा? सकाळी बाप पोरांशेजारी बसून भाताचे गोळे खातो, त्याला समेट म्हणायचं की हार? आधीच्या मला अजून वाटतं की पोरांचा राग खरा, तो विझता कामा नये. बाबांचं म्हणणं ऐकल्यावर मी तसं छातीठोक सांगू शकत नाही. उलटंही सांगू शकत नाही.

म्हणून बघतो. तुम्हाला बघायचा असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन या, पाट्या मी वाचेन.