मॅप टाकायला आलेली ऑक्टाव्हिया

मे महिन्यात जळगावात ट्यूनिंगचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवायचं, काम घ्यायचं नाही, असं मी दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी घेतो. परवा पारोळ्याहून एक पोरगा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय घेऊन आला, सोबत वडील. गाडी सेकंडहँड, दोन महिन्यांपूर्वी मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून घेतलेली. पैसे कापसाचे, म्हणजे आप्पांचे. आप्पांना वाटत होतं गाडी सर्व्हिसिंगला आणलीय. पोराच्या मोबाइलमध्ये तीन ठिकाणची स्टेज-वनची, म्हणजे पार्ट न बदलता नुसती ती फाइल, मॅप, बदलायची कोटेशनं होती. त्यातलं कुठलं घ्यावं, एवढंच मी सांगायचं.

या पोरांना आकडा पाठ असतो. पॉवर २३० पीएस (हॉर्सपॉवरच म्हणा) की २४०? गिअरबॉक्स कोणता आहे, हे स्वतःहून विचारणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं. आणि या गाडीत सगळा खेळ गिअरबॉक्सचाच. सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, क्लच कोरडे, पेलतो २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद. इंजिन त्याहून जास्त ओढू शकतं, पण कंपनीने त्याला बरोबर २५० वर बांधून ठेवलंय. २०१७ ला आपल्याकडे आलेल्या व्हीआरएसला, ऑक्टाव्हियाच्याच जास्त ताकदीच्या मॉडेलला, ३५० दिले, पण तिथे तेलात बुडालेले क्लच आहेत. लोक मागतात व्हीआरएसचा आकडा, घेऊन येतात ही गाडी.

मूळ गाडीचा लॉग, म्हणजे पळवताना लॅपटॉपवर टिपलेली आकड्यांची नोंद, घेतल्याशिवाय मी मॅपचं नाव काढत नाही. सकाळी आठला नशिराबादच्या पुढे चौपदरीवर गेलो. तिसरा गिअर, २००० पासून ६००० आरपीएमपर्यंत एका दमात. पोरगा चालवतोय, लॅपटॉप माझ्या मांडीवर. टॉर्कच्या रकान्यात ३३८ आलं. मला वाटलं केबल हलली. काढून परत लावली, पुन्हा पळवली. ३४०.

"भाऊ, ओढते ना?" पोरगा म्हणाला. खुश होता.

गॅरेजवर येऊन इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, वाचला. सॉफ्टवेअरचा क्रमांक मूळचाच होता, पण पडताळणीचा कोड, आम्ही सीव्हीएन म्हणतो तो, जुळेना. माझ्याकडे दुसऱ्या एका धडधाकट १.८ ची फाइल होती, ती शेजारी लावली. टॉर्कची मर्यादा उचललेली, बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवलेला, ठिणगीचं टायमिंग अलीकडे आणलेलं. गाडीत मॅप आधीच होता. विकताना कुणी एक शब्द काढला नव्हता. तोंडभर 'कंपनी मेंटेन्ड'.

दुपारी दोनला मुद्दाम पुन्हा त्याच रस्त्याला गेलो. बाहेर ४४, इंजिनात जाणारी हवा ६० च्या वर. नॉकिंग झालं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकलं, की इसीयू त्या सिलिंडरचं टायमिंग मागे घेतो, ठिणगी उशिरा पाडतो. सकाळी तिसरं सिलिंडर तीन अंश मागे जात होतं, दुपारी सात. चढ्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर आणि थंड हवेत बसवलेली फाइल ती. इथे पोरगा गावच्या पंपावरचं साधं पेट्रोल भरतो. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, एसी आणि गाणी चालू. परतताना अजिंठा चौफुलीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्यात गाडी अंगात आल्यासारखी थरथरली. क्लच घासले गेलेत. गाडी ओढते म्हणून भुललेला पोरगा त्या क्लचचीच किंमत मोजून बसला होता.

मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आप्पांना नका सांगू."

ती तीन कोटेशनं बाजूला ठेवून चौथा मॅप मी स्वतः बसवला, आणि त्याचा मला अभिमान आहे. कंपनीचा टॉर्क ५००० आरपीएमनंतर उतरायला लागतो. मी तो २५० वरच धरला, पण ६००० पर्यंत नेला. २५० गुणिले ६००० चा हिशोब मांडा, २१० पीएसच्या पुढे जातो. पहिल्या दोन गिअरमध्ये आणखी मऊ केला, टायमिंग आपल्या उन्हाला आणि आपल्या पेट्रोलला सोसेल एवढंच ठेवलं. घासलेला क्लच याने भरून येत नाही, पण त्यावरचं ओझं उतरतं. पुढच्या लॉगमध्ये चारही सिलिंडर एक-दीड अंशात.

पोरगा फेरी मारून आला. "भाऊ, गाडी मेली."

मेली नव्हती. वरच्या आरपीएमला फरक फार नव्हता. पण खालून पाठीत बसणारा धक्का गेला होता, आणि लोक धक्क्यालाच पॉवर म्हणतात. ३४० चा तो रट्टा त्याला पहिल्या दिवसापासून मिळाला होता. त्याच्या लेखी ऑक्टाव्हिया म्हणजे तेच.

तेवढ्यात आप्पा चहाचा ग्लास खाली ठेवून उठले. "काय रे भो, गाडीमा काही खोट शे का?"

मी पोराकडे पाहिलं. तो टायरकडे बघत होता. "नाही आप्पा," मी म्हणालो, "ऊन जास्त आहे ना, जरा सेटिंग केली. क्लच तेवढे वर्षभरात बघावे लागतील." अर्धं खरं. आप्पांनी मान हलवली, कोपरीच्या खिशातून नोटा काढून मोजल्या. मी फक्त लॉगचे पैसे घेतले. का, ते मलाही नीट सांगता येत नाही.

विक्रेत्याशी भांडायला त्या दोघांकडे कागद नाही. माझा लॉग आहे, पण मॅप विकणाऱ्याने टाकला की त्याच्या आधीच्याने, हे तो लॉग सांगत नाही. आणि आप्पांनाच माहीत नाही, तर भांडणार कोण?

तेव्हापासून पोराचा तीनदा फोन आला. क्लचबद्दल एकदाही विचारलं नाही. "भाऊ, ती जुनी फाइल तुमच्याकडे आहे ना अजून?"

आहे. बॅकअप मी कुणाचाच पुसत नाही. पहिल्या दोन वेळा शोधतो म्हणालो. तिसऱ्यांदा फोनच उचलला नाही.