तिकीट कशाचं असतं?

रविवार, रात्री

आपल्याकडे लांबच्या गाडीचं तिकीट म्हणजे बर्थ. सगळी धडपड तिच्यासाठी. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी, सकाळी आठला उघडतं आणि गणपतीतल्या कोकणच्या गाड्या बघता बघता वेटिंगवर जातात. वेटिंगचा नुसता आकडा पाहून उपयोग नाही, प्रकार पाहावा. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण वेटिंग यादी, बऱ्यापैकी पुढे सरकते. आरएलडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांची यादी, तशी हलत नाही, कारण त्या कोट्यात मुळात बर्थच थोड्या. आरएसी (अर्धी बर्थ) असेल तर साइड लोअरवर दोघांनी बसून का होईना, गाडीत शिरता येतं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं.

ही सवय घेऊन जर्मनीत गेलेला माणूस हमखास उभ्याने प्रवास करतो. तिथे तिकीट प्रवासाचं, जागेचे पैसे वेगळे. आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाडीत आरक्षण सक्तीचं नाही, त्यामुळे गाडी 'फुल' होऊन तिकीट बंद होणं हा प्रकार क्वचितच. शुक्रवारी दुपारी मात्र आरक्षण करावंच. गाडी सुटल्यापासून पंधरा मिनिटांत जागेवर पोचलं नाही तर हक्क जातो. ऐनवेळी डब्यांचा क्रम उलटा लागला की फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बॅगा ओढत पळापळ होते. त्यात काही गाड्या दोन जोडलेल्या संचांच्या असतात आणि वाटेत तुटून वेगळ्या गावांना जातात, म्हणून डब्यावरची पाटी वाचूनच चढावं.

स्वस्तातलं स्पारप्राइस तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. पण मुक्कामी पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. एक तास उशिराला भाड्याचे २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के परत. उशीर तिथेही भरपूर होतात, पण त्याचा हिशोब ठरलेला आहे. आपल्याकडे तीन तासांहून जास्त उशीर झाला तर पूर्ण पैसे मिळतात, पण प्रवास सोडला तरच. मला जर्मनांचा हिशोब जास्त पटतो.

जपानने या दोहोंचा मेळ घातलाय. शिन्कान्सेनला, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनला, मूळ भाडं आणि जलद गाडीचं शुल्क वेगळं. कागदी तिकिटं दोन आली तर दोन्ही एकदम गेटमध्ये घालायची आणि पुढच्या बाजूने उचलायची. आरक्षित गाडी चुकली तर त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीत बिनआरक्षित डब्यात बसता येतं. नोझोमी ही सर्वांत जलद शिन्कान्सेन मात्र वर्षअखेर, गोल्डन वीक (एप्रिल-मे) आणि ओबोन (ऑगस्ट) या सुट्ट्यांत पूर्ण आरक्षित असते.

आपल्या लोकांची अडचण होते ती सामानाची. तोकाइदो (टोकियो-ओसाका) मार्गावर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेलेल्या बॅगेसाठी डब्यातली शेवटच्या रांगेची जागा सामानासह आधीच घ्यावी लागते. जादा पैसे नाहीत, पण न घेता चढलात तर १००० येन. २५० सेंमीच्या वरचं सामान घेतच नाहीत. बाबागाड्या आणि वाद्यं यांना ही अट नाही.