अदृश्य आहे, पण कुठे आहे ते कळतंय

गेल्या रविवारी गोव्यात कवळ्याला मित्राच्या घरी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (डीअँडडी) गेम होता, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट चालवायची आणि काय जमलं ते डाइसवर ठरवायचं. पावसाळ्यात आम्ही नेहमी त्याच्याकडेच खेळतो, जुनं घर आहे, वसरी मोठी, मधे राजांगण म्हणजे उघडा चौक, पाच-सहा जणं आरामात मावतात आणि उशीर झाला तरी कोणी काही बोलत नाही. साडेसातच्या सुमारास करंट गेला. बाहेर धो धो पाऊस, आत स्वतःचा हात दिसेना. आणि त्या मिट्ट काळोखात आम्हा सगळ्यांना अगदी बरोबर कळत होतं की मित्राची आजी कुठे आहे! आधी रांधपाच्या खोलीतून किल्ल्यांचा जुडगा वाजला, मग राजांगणाच्या कडेने सपाता घासत येण्याचा आवाज, मग काडी ओढल्याचा. दिवा दिसायच्या आधीच कोणीतरी म्हणालं, सरका रे, आजी दिवा घेऊन येतेय.

तीन आठवडे मी जे टेबलावर समजावायचा प्रयत्न करत होतो ते आजीने दोन मिनिटांत करून दाखवलं.

झालं असं होतं की माझी मावसबहीण आमच्यात नवीन आलीय, तिचं कॅरेक्टर, म्हणजे खेळातलं पात्र, रोग (rogue), टेबलावर आम्ही सरळ चोरच म्हणतो. आमच्या विझर्डने, म्हणजे जादूगाराने, तिच्यावर इनव्हिजिबिलिटी हा अदृश्य करणारा मंत्र टाकला आणि ती पहारेकऱ्यांच्या समोरून चालत निघाली. मी सांगितलं की त्यांना चाहूल लागली. ती एकदम हिरमुसली, "दादा, मी इनव्हिजिबल आहे ना? मग त्यांना कळलं कसं?" प्रश्न शंभर टक्के बरोबर होता आणि मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणारा) म्हणून नवीन बसणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येणारच.

दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या आहेत. एक, तू दिसतेस का. दुसरी, तू कुठे आहेस ते त्यांना माहीत आहे का. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या नियमांत इनव्हिजिबल कंडिशन, म्हणजे अदृश्य असण्याची अवस्था, फक्त पहिल्या गोष्टीबद्दल बोलते. तुला कोणी बघू शकत नाही, तुझ्यावर हल्ला करणाऱ्याला डाइस दोनदा टाकून कमी आकडा घ्यावा लागतो, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज, तुझ्या हल्ल्याला दोनातला जास्त आकडा, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज. पण आवाज झाला किंवा माग उरला तर जागा कळू शकते, हे तिथेच लिहिलंय, फक्त ते वाक्य घाईत कोणी वाचत नाही. जागासुद्धा कळू नये असं वाटत असेल तर वेगळं लपावं लागतं, म्हणजे हाइड अ‍ॅक्शन घ्यायची, स्टेल्थ रोल करायचा (लपणं जमलं का ते डाइस टाकून बघायचं). मंत्राचा फायदा एवढाच (आणि हा फायदा छोटा नाही) की लपायला खांब नको, भिंत नको, भर मैदानात लपण्याचा प्रयत्न करता येतो. मंत्र दुसऱ्या लेव्हलचा, टाकणाऱ्याचं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे त्या मंत्रावरचं लक्ष, असेल तोवर जास्तीत जास्त तासभर, आणि तू हल्ला केलास किंवा मंत्र टाकलास की संपला. चौथ्या लेव्हलची ग्रेटर इनव्हिजिबिलिटी हल्ला केला तरी टिकते, पण मिनिटभरच.

आता तो पहारा कुठे होता ते सांगतो. नकाशा मी आमच्याच खाजनावरून (खाडीलगतच्या सखल शेतजमिनीवरून) काढलाय, खाडीच्या कडेने मातीचा बांध, मधे मानस म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, बांधाच्या आत चिखल. ओहोटीची वेळ. दोन पहारेकरी मानसीवर बसलेले. ती बांधावरून न जाता खाली चिखलातून निघाली, कारण बांधावर कंदील होता. अशा चिखलात पाऊल टाकलं की आधी चपक असा आवाज येतो, पाऊल उचललं की खड्डा राहतो आणि त्यात हळूहळू पाणी भरतं. खेकडे भराभर बिळात शिरतात, आणि ते शिरण्याची एक रेघ तयार होते जी पुढे पुढे सरकते. पहारेकऱ्याला माणूस दिसलाच नाही, त्याला ती रेघ दिसली. हे सगळं मी तेव्हा बोलायला हवं होतं! मी नुसतं "चाहूल लागली" म्हणालो आणि तिला वाटलं दादाने मंत्रच फुकट घालवला. तिला आधी सांगितलं असतं की खाली चिखल आहे, खेकडे आहेत, तर तिने स्वतःच ठरवलं असतं ना, भरतीपर्यंत थांबायचं की कंदिलाच्या बाजूने जायचं.

दुसरी चूक त्याहून वाईट होती. मी तिला परत परत रोल करायला लावला. बांध उतरताना एक, चिखलात एक, मानसीजवळ एक, दारापाशी एक. एका रोलला यश मिळण्याची शक्यता 70 टक्के धरा, चांगलीच आहे की, पण चारही रोल लागोपाठ जमण्याची शक्यता 24 टक्केच उरते. म्हणजे चार वेळा रोल मागून मीच तिला पकडून दिलं. चौथ्या वेळी तिने डाइस हातातून टेबलावर नुसता ठेवला, टाकला नाही, ते मला अजून आठवतं. आता मी एकच रोल घेतो आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवतो, परिस्थिती खरोखर बदलली तरच नवा. पहारेकरी मुद्दाम शोधत नसतील तर त्यांचं पॅसिव्ह पर्सेप्शन (सहज चाहूल लागायचा आकडा), म्हणजे 10 अधिक त्यांचा मॉडिफायर (कौशल्याप्रमाणे मिळणारा आकडा), त्या आकड्याशी लावून बघायचं, बस. सगळी पार्टी, म्हणजे सगळ्यांची पात्रं, मिळून निघाली असेल तर ग्रुप चेक, निम्मे जमले तर सगळे जमले, नाहीतर प्लेट आर्मरवाल्या, म्हणजे जड, वाजणाऱ्या चिलखतातल्या पॅलाडिन योद्ध्याला दर वेळी मागे सोडून जावं लागतं.

जुन्या लोकांचं ऐकाल तर पूर्वी ह्याहून कठीण होतं, 1978 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये पहिल्या लेव्हलच्या चोराला सावलीत लपायची शक्यता 10 टक्के. 2024 च्या नियमांत उलट लपण्याला ठरलेला आकडा दिलाय, 15, आणि जमलं की तुम्हाला इनव्हिजिबल कंडिशनच मिळते. वाचायला सोपं आहे पण मला स्वतःला ते पटत नाही, कारण जे शब्द वेगळे ठेवायला हवेत तेच परत एकत्र बांधले. खांबामागे लपलेला माणूस आणि मंत्राने नाहीसा झालेला माणूस एकच कसे? माझ्या टेबलावर खांबामागून बाहेर आलात आणि कोणी तिकडे बघत असेल तर दिसलात. पाथफाइंडर नावाच्या अशाच एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत हे जास्त नीट केलंय असं माझं मत. तिथे चार पायऱ्या आहेत, दिसतोय, जागा माहीत आहे पण दिसत नाही, जागाही माहीत नाही, आणि कोणी आहे हेच माहीत नाही. आजी दुसऱ्या पायरीवर होती. नियम डीअँडडीचेच वापरले तरी ह्या चार पायऱ्या मी डीएम स्क्रीनच्या (डीएमसमोरच्या आडपडद्याच्या) आतल्या बाजूला मराठीत लिहून चिकटवल्यात आणि प्रत्येक पहारेकऱ्यासमोर पेन्सिलने आकडा टाकतो, कारण एकाला चोराची जागा माहीत असते आणि दुसऱ्याला नसते, तेही विसरायला होतं.

करंट नऊनंतर आला. तोवर दिव्यावरच खेळलो, आणि मी तिला तो सीन पुन्हा पहिल्यापासून खेळायला दिला, ह्या वेळी चिखल, खेकडे, कंदील सगळं आधी सांगून. तिने बराच वेळ नकाशाकडे बघितलं आणि विचारलं, "दादा, भरती किती वाजता?" तर ह्या रविवारी ती पाण्यातून जाणार आहे, आणि मी भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ठेवल्यात.